अंगठा मुठीत जातो तेव्हा

सांगलीतल्या एका वाचनालयात दर महिन्याला कथावाचन होतं. वरच्या मजल्यावरचा लांबट हॉल, भिंतीला लागून जुनी लाकडी कपाटं, पुस्तकांना लागलेला डांबरगोळ्यांचा वास, आणि खुर्च्यांवर वीस-पंचवीस माणसं. मध्यंतरी तिथं एका नव्या लेखिकेची अप्रकाशित कथा वाचली गेली. कथेतली बाई दिवसभर उसाचं पाचट काढते. एक पातं अंगठ्यावर, अगदी नखाच्या कडेला फिरतं. चिरेवर थुंकी लावून ती पुढच्या सरीत जाते. संध्याकाळी घरी पोरगं भुकेलं. ती तव्यावर हिरव्या मिरच्या परतते, लसूण-मीठ टाकते, तवा खाली उतरवून तांब्याच्या बुडानं ठेचा रगडते. कडेला चिकटलेलं तांब्यानं निघत नाही, म्हणून अंगठ्यानं ओढून मधोमध घेते. इथं वाचणाऱ्या बाई पान उलटायला थांबल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी आपला उजवा अंगठा मुठीत घेतला. त्यांच्या मागच्या काकांनी ओठ आवळून ‘स्स्’ केलं. पुढचं पान सुरू झालं तरी झोंबल्याचा उल्लेख आला नाही, तो कथेत कुठंच नव्हता. बाईनं पोराला भाकरी वाढली, एवढंच.

त्याच कथेत पुढं तिचा नवरा जातो. दीड-दोन पानं आक्रोश आहे. काळीज फाटतं, आभाळ कोसळतं, डोळ्यांतून अखंड धारा लागतात. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. कुणी घड्याळ बघितलं, कुणी पिशवीचे बंद सारखे केले. नंतर चहाला सगळे ठेच्याबद्दल बोलत होते. नवऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

एक चिरलेला अंगठा एका अख्ख्या मरणापेक्षा मोठा कसा झाला, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. ऐकणारी माणसं निर्दय नव्हती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी घरातली मरणं पाहिलेली होती. लेखिकाही तीच, वाचणारा आवाजही तोच. फरक वाक्यांच्या बांधणीत होता, आणि तो शोधायचा तर आधी ऐकणाऱ्याच्या अंगात काय घडतं तिकडं बघावं लागतं.

सोप्यापासून सुरुवात करू. गाभुळलेली चिंच. टरफल अर्धं सुटलेलं, आत गर तपकिरी व्हायला लागलेला पण शिरेजवळ अजून हिरवा. ती शीर धरून गर ओढायचा, कडेला थोडं मीठ लावायचं आणि दाढेखाली नाही, जिभेच्या कडेवर ठेवायचा. हे वाचताना बहुतेकांना कानाच्या पुढं, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात एक कळ आल्यासारखं होतं. तिथं कर्णमूल ग्रंथी असते. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्यांपैकी ती सगळ्यात मोठी. जबड्याखाली एक जोडी, जिभेखाली एक. चवींमध्ये लाळ सगळ्यात जोरात सुटते ती आंबट चवीला, त्यामुळं लेखकाला वाचकाच्या तोंडाला पाणी आणायचं असेल तर श्रीखंडापेक्षा चिंच जास्त भरवशाची. अर्थात नुसत्या शब्दांनी सुटणारी लाळ खऱ्या चिंचेच्या मानानं फारच थोडी असते. पण तोंडात आधीच असलेल्या लाळेकडं लक्ष जातं, माणूस आवंढा गिळतो, आणि गिळल्यावर त्याला खात्री पटते की पाणी सुटलं. इवान पाव्हलॉव्हनं कुत्र्यांवर केलेले लाळेचे प्रयोग शाळेतच सगळ्यांना शिकवतात (त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनाच्या अभ्यासासाठी). तिथं घंटा जे काम करते तेच इथं ‘चिंच’ हा शब्द करतो. मात्र ज्यानं आयुष्यात चिंच खाल्लीच नाही त्याच्यासाठी ही घंटा वाजत नाही. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

अंगावर येणाऱ्या काट्याची तऱ्हा वेगळी. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आपल्या इच्छेनं हलवता येत नाही. भीती, थंडी, भारावून जाणं, सगळ्यांची वर्दी त्याला एकाच मज्जासंस्थेकडून येते, म्हणून गारठ्यात आणि ओवीत काटा सारखाच दिसतो. खाज तर इतकी सहज पसरते की लेखकानं जपून वापरावी. खाजेवर व्याख्यान आणि उवा-पिसवांची चित्रं दाखवली तेव्हा श्रोते अंग खाजवायला लागले, असं निरीक्षण जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००० साली छापलं आहे. जांभईबद्दल नुसतं वाचूनही जांभई येते. डोळ्याची बाहुली तर शब्दाच्या अर्थानंसुद्धा लहानमोठी होते. उजेड सुचवणारा शब्द वाचला की अंधार सुचवणाऱ्या शब्दाच्या मानानं ती किंचित आकसते, हे २०१७ साली मोजून दाखवलेलं आहे. कागद तोच, शाई तेवढीच काळी, आणि तरी बाहुली हलते.

मेंदूत काय होतं याचेही काही धागे हाती आहेत. २००४ साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी लोकांना चाटणं, उचलणं, लाथ मारणं अशी क्रियापदं नुसती वाचायला दिली. वाचताना मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या पट्ट्यात जीभ, बोटं आणि पाय यांच्या जागा, किंवा त्यांना अगदी खेटून असलेल्या जागा, जाग्या झालेल्या दिसल्या. २००६ साली स्पेनमध्ये दालचिनीसारखे वासाचे शब्द वाचताना वास ओळखणारा भाग जागा झाला. २०१२ साली अटलांटातल्या एमरी विद्यापीठात असं दिसलं की ‘वाईट दिवस’ याऐवजी ‘खरखरीत दिवस’ अशा धाटणीची वाक्यं ऐकताना हाताला लागणारा पोत ओळखणारा भाग काम करतो. यावरून उड्या मारू नयेत. यंत्रात एखादा भाग उजळला म्हणजे माणसाला ते जाणवलंच असं नाही. पण त्या आजींचा अंगठा सगळ्यांच्या देखत मुठीत गेला होता, आणि त्याला यंत्राची गरज नव्हती.

आपल्याकडं हा विचार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव मोजून दिलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कापरं, रंग उडणं, आसवं, शुद्ध हरपणं. सगळे अंगावर दिसणारे, आणि ठरवून आणता न येणारे. ही यादी नटासाठी आहे. त्याच्या अंगावर हे खरोखर उमटलं तर प्रेक्षकापर्यंत पोचतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या दरबारात पहिला प्रयोग केला, तेव्हापासून या गावाला नटाच्या अंगावरचं वाचायची सवय आहे. पण छापील कथेत नट नसतो. घाम फुटायला समोर कुणाचंच अंग नाही. वाचकाचं स्वतःचं अंग तेवढं हजर असतं, आणि लेखकाला जे काही घडवायचं ते त्याच्यावरच घडवावं लागतं.

म्हणून पात्राच्या रडण्याचं वर्णन वाचकाला रडवत नाही. रंगमंचावर रडणारी नटी दिसते, आवाज चिरकतो, ते संसर्गानं पसरतं. कागदावर ‘ती धाय मोकलून रडली’ हा फक्त निकाल असतो. खटला कुठं चालला हे वाचकाला कळतच नाही.

मग खटला चालवायचा कसा? इथं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात थंडीत गुऱ्हाळं पेटतात. काहिलीत, म्हणजे मोठ्या उथळ कढईत, रस, खाली चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, वर गूळ करणारा गुळव्या. रस तापायला लागला की मळी वर येते. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की ती गोळा होते, मग ती काढून टाकायची. रस आटत जातो, फेस काहिलीच्या काठापर्यंत चढतो, थोडंसं तेल शिंपडलं की खाली बसतो. आधी काकवी होते, त्यानंतर गूळ. त्या वेळी पाक साधारण ११५ ते ११८ अंशांवर असतो, म्हणजे उकळत्या पाण्याहून बराच गरम, शिवाय चिकट. पाणी सांडलं तर ओघळून जातं. पाक कातडीला धरून बसतो आणि आत भाजत राहतो. गूळ झाला की नाही हे गुळव्या बोटांनी बघतो. आधी बोटं गार पाण्यात. मग उलथण्यावरचा चिमूटभर पाक निपटून घ्यायचा आणि तसाच परत पाण्यात. पाण्यातच त्याची गोळी वळायची. गोळी पत्र्यावर मारली आणि ‘टण्’ वाजली की काहील उतरवायची. बोट भाजत नाही, कारण ते ओलं असतं, पाक थोडा असतो आणि त्याला कातडीपर्यंत उष्णता पोचवायला वेळच मिळत नाही. यातली एक पायरी चुकली की बोट गेलं.

आता हेच कथेत आणायचं आहे. एक लेखक लिहील: ‘गुळव्यानं त्या भयंकर उकळत्या, रसरशीत, आग ओकणाऱ्या पाकात बोटं घातली.’ विशेषणं तीन, आणि वाचकाच्या बोटांना काहीही होत नाही. दुसरा लिहील: ‘गुळव्यानं बोटं पाण्यात बुडवली. झटकली नाहीत. उलथण्यावरचा पाक चिमटीत घेतला आणि पाण्यात हात घालायला वळला, तर बादली तिथं नव्हती.’ इथं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाची चिमूट आवळते. भाजल्याचा, वेदनेचा एकही शब्द नाही. वाचकाला पायऱ्या आधीच कळलेल्या आहेत: पाणी, पाक, पाणी. तिसरी पायरी हुकली की पुढचं त्याचं अंग स्वतः पूर्ण करतं. तांब्याच्या बुडानं रगडलेल्या ठेच्यातही हेच झालं होतं. चीर आधी दिली, मिरची-मीठ नंतर दिलं, आणि दोन्ही जिथं भेटणार त्या जागेवर लेखिका गप्प राहिली.

पायऱ्या वाचकाला आधी शिकवल्या पाहिजेत, ही यातली मेहनतीची बाजू. गुऱ्हाळ न पाहिलेल्या मुंबईच्या वाचकाला ‘बादली तिथं नव्हती’ हे वाक्य कोरडं जाईल, जर दोन पानं आधी त्यानं एकदा गोळीची परीक्षा नीट पार पडलेली बघितली नसेल. म्हणून एकच कृती दोनदा आणावी लागते. पहिल्यांदा सुखरूप, सावकाश, क्रमानं. दुसऱ्यांदा मोडून. अनेक चांगल्या कथा पहिली वेळ गाळतात, कारण लेखकाला ते सगळं माहीत असतं आणि वाचकालाही असणार असं तो धरून चालतो. उलट चूकही होते. पहिल्या वेळीच इतकी माहिती ओतली जाते की गुऱ्हाळाचं माहितीपत्रक तयार होतं. वाचकाच्या बोटांना लागतात त्या तीन गोष्टी पुरेत. भेंडीचं पाणी, तेल, मळी हे वातावरणाला छान, पण गोळीच्या परीक्षेच्या त्याच परिच्छेदात आलं तर बोटं झोपी जातात.

आणि तपशील खरा हवा. गुळव्याला कोरडी बोटं थेट काहिलीत घालायला लावली तर कराडकडचा वाचक तिथंच थांबतो, आणि एकदा थांबला की उरलेल्या कथेत त्याचं अंग परत लेखकाच्या हाती लागत नाही. डोकं एखादी चूक माफ करतं. बोटं करत नाहीत.

कुठल्या अवयवावर घडवायचं हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी मोजता येतं. वाइल्डर पेनफील्ड या कॅनडातल्या शल्यविशारदानं शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन कुठली जागा कुठल्या अवयवाची हे नोंदवलं. १९३७ साली तो नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात ओठ, जीभ, बोटं आणि अंगठा यांना अवाढव्य जागा, आणि अख्ख्या पाठीला चिंचोळी पट्टी. बोटाच्या टोकावर दोन अणकुच्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवल्या तरी त्या दोन आहेत हे कळतं. पाठीवर त्यांच्यात जवळपास चार सेंटिमीटर अंतर लागतं. तरी आपल्या कथांमध्ये आसूड पाठीवरच ओढले जातात. पाठीवरच्या आसुडानं वाचकाला दया येते, चीड येते. पण त्याचं अंग हलवायचं असेल तर तोच मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी सदऱ्याचं वरचं बटण लावताना दाखवावा. बोटं गळ्याशी पोचायला खांदा उचलावा लागतो, आणि बटण घरात जाईपर्यंत श्वास रोखलेला असतो. बोटं, गळा, श्वास. पाठीचं नाव न घेता पाठ दुखते.

मराठीला इथं एक फायदा आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘गोधडी शिवायच्या दाभणाचं टोक तिच्या नखाच्या आणि मांसाच्या मधल्या फटीत’ इथपर्यंत वाचलं तेव्हा दाभण अजून कुठंच गेलेलं नाही. शिरलं, टेकलं, का अडकता अडकता राहिलं, काही ठरलेलं नाही. पण बोट मागं गेलेलं असतं. अवयव, वस्तू आणि जागा या तिन्ही गोष्टी क्रियापदाच्या आधी मांडता येत असल्यामुळं अंग क्रियेची वाट बघत ताणलेलं राहतं. ही सोय आपण फार वाया घालवतो. क्रियापदाच्या आधी ‘अत्यंत क्रूरपणे’, ‘अतिशय वेदनादायक रीतीनं’ असली क्रियाविशेषणं घुसवली की ताण सैल पडतो, कारण कसं वाटायचं ते वाचकाला सांगून टाकलं. जागा मोकळी ठेवावी. फार तर ‘हळूहळू’ चालेल, कारण तो वेग आहे, मत नाही.

वेगाचा हिशोब वाक्यानंतरही लागतो. त्वचेवरचा घामाचा बारीक फरक मोजणारं यंत्र लावलं तर धक्क्यानंतर एक ते तीन सेकंदांनी रेष वर चढते. म्हणजे अंग शब्दाच्या मागून येतं. मोठ्यानं वाचताना सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात, तेव्हा लागणाऱ्या वाक्यानंतर पाच-सात शब्द तरी बिनभाराचे हवेत. ‘बाहेर कुणीतरी सायकल लावली.’ ‘पोरगं भाकरीचा पापुद्रा सोडवत बसलं.’ या जागेवर दुसरा धक्का टाकला की पहिला उमटायच्या आत विझतो. युद्धाच्या, दंग्याच्या कथांमध्ये एका परिच्छेदात पाच माणसं कापली जातात आणि वाचक शांतपणे पान उलटतो, त्याचं एक कारण हेच. कथावाचनात त्या बाई पान उलटायला थांबल्या होत्या, ते दोन सेकंद आयते मिळाले. मोठ्यानं वाचणाऱ्यानं असं थांबणं पेन्सिलीनं समासात खूण करून ठेवावं. घरी मोबाइलवर वाचताना हे दोन सेकंद कुणी देत नाही, बोट सरकतच राहतं, आणि त्यामुळं तीच कथा हॉलमध्ये अंगावर येते आणि पडद्यावर येत नाही.

चिंच ज्यानं खाल्लेली नाही त्याचं काय, हे मघाशी राहिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कृष्णाकाठच्या गावांत हळद शिजते. ओल्या मातीचा, थोडा आल्यासारखा, थोडा कडवट वास वाफेबरोबर येतो आणि दुपारभर कपड्यांत राहतो. सांगलीच्या वाचकाला ‘हळद शिजत होती’ एवढे तीन शब्द पुरतात, त्याच्या नाकाला बाकी सगळं पाठ आहे. नागपूरच्या वाचकाला ते पुरत नाहीत. त्याच्याकडं हळद आहे ती डब्यातली पूड. तर सुरुवात डब्यापासून करावी. झाकण उघडताना नाकात जाणारी ती कोरडी पूड, मग तिला पाणी लागलं तर, मग ते पाणी तापलं तर. लेखक वाचकाच्या अंगातलं भांडवल उसनं घेऊन धंदा करतो, त्यामुळं आपण कुणाकडून किती घेऊ शकतो हे त्याला ठाऊक हवं. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं हे याचं अवघड उदाहरण. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं, आतल्या कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. हे ज्यानं घरात ऐकलं आहे त्याचा श्वास ‘तो लगेच खाली उतरला’ या वाक्यावर अडतो. ज्यानं ऐकलेलं नाही त्याच्यासाठी ते जिना उतरण्याइतकं साधं वाक्य आहे. त्याला आधी सोडलेला कंदील विझताना दाखवावा लागेल.

काही वाचकांचं अंग मुळातच शब्दांना फार साद देत नाही, हेही सांगायला हवं. मनात चित्रच उमटत नाही अशी माणसं असतात. ॲडम झेमन या ब्रिटिश मज्जातज्ज्ञानं २०१५ साली या स्थितीला ‘अफँटेसिया’ हे नाव दिलं. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा माणसांना भीतिदायक प्रसंग वाचायला दिले. इतरांच्या त्वचेवरची रेष वाचता वाचता चढत गेली, यांची जवळजवळ सपाट राहिली. मात्र भीतिदायक छायाचित्रं दाखवल्यावर दोघांची रेष सारखीच वागली. म्हणजे त्या माणसांना भीती वाटतच नव्हती असं नाही, शब्दापासून अंगापर्यंतची वाट चित्रावरून जात होती आणि ती यांच्याकडं नव्हती. कथावाचनाला येणाऱ्यांत अशी माणसं असणारच. ती कथेतला युक्तिवाद, बोलीची लय, माणसांमधली तेढ मनापासून ऐकतात. त्यांना ‘तुम्हाला काहीच कसं वाटत नाही’ असं विचारू नये.

दुसऱ्या टोकाला ज्यांना फार होतं ते. रक्ताच्या किंवा सुईच्या वर्णनानं काहींची नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खुर्चीतून घसरतो. नाट्यशास्त्रातल्या यादीतला आठवा तो हाच. आधी खुणा दिसतात: सारख्या जांभया, चेहरा पांढरा, वरच्या ओठावर घाम, कानात शीळ. अशा वेळी त्याला उभं करून बाहेर नेऊ नये, तिथंच आडवं करून पाय उंच करावेत, बहुधा मिनिटभरात रंग परत येतो. ज्यांना हे आधीपासून माहीत आहे त्यांनी पायावर पाय टाकून मांड्या आणि पोटऱ्या आवळून धराव्यात, त्यानं रक्त वर ढकललं जातं. आणि सांगलीत कथा वाचणाऱ्यानं पुराचं वर्णन असेल तर सुरुवातीलाच सांगावं. २००५ आणि २०१९ नंतर इथं ‘उंबऱ्याच्या आत पाणी आलं’ हे वाक्य साहित्यातलं राहिलेलं नाही. गाळाचा वास, भिंतीवरची ओलीची रेघ, फुगून न लागणारं दार, हे अनेकांच्या अंगात शब्दाआधीच बसलेलं आहे. तिथं लेखकाला काही कमवावं लागत नाही, म्हणून त्यानं घेतानाही हात आखडता घ्यावा.

त्या कथेतला नवरा कसा मरायला हवा होता? लेखिकेला सुचवायचं झालं तर मी आक्रोशाची दोन्ही पानं काढायला सांगेन. शेजारच्या बाया तिला तुळशीचं पान आणि पळीभर पाणी देतात. त्याच्या तोंडात घालायचं असतं. ती पाणी घालते, ते ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येतं, ती पदरानं टिपते, आणि सवयीनं त्याचा जबडा जरा वर लोटते, आजारपणात औषध पाजताना लोटायची तसा. जबडा जागेवर राहत नाही. मग कुणीतरी पायाचे अंगठे सुतळीनं बांधायला घेतं, आणि ती म्हणते, जरा सैल बांधा. एवढंच. इथं वाचकाचा गळा दाटतो का हे लिहिणाऱ्यानं स्वतःच्या गळ्यावर तपासून बघावं. तपासायची जागा तीच आहे.

तपासताना एक अडचण मात्र येते. लिहिणाऱ्याचं अंग आपल्याच वाक्यांना लवकर सरावतं. चौथ्या-पाचव्या खर्ड्याला चिमूट आवळायची बंद होते, मग तो घाबरून आणखी दोन विशेषणं वाढवतो, आणि चांगलं वाक्य तिथं बिघडतं. त्यावर उपाय म्हणजे खर्डा आठ-दहा दिवस बाजूला ठेवायचा, नंतर दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्यायचा आणि आपण कागदाकडं न बघता ऐकणाऱ्यांच्या हातांकडं बघायचं. चेहऱ्यांकडं नको, चेहरे सभ्यतेनं दाद देतात. हात, पायाची बोटं, गिळताना हलणारा कंठ, मागं सरकणारी खुर्ची, यांच्यापुढं पेन्सिलीनं वाक्याचा क्रमांक टिपायचा. एकाच वाक्यावर दोघा-तिघांचं काही हललं तर त्याला हात लावू नये. त्याच्या मागचं-पुढचं मात्र निर्दयपणे कापावं, विशेषतः ते वाक्य समजावून सांगणारं जे काही असेल ते.

आणि वाचकानं एकदा अंग आकसलं ते वाक्य दुसऱ्यांदा वाचून बघावं. पुष्कळांना वाटतं की पुढचं कळलं की धार जाते. कीर्तनात रोज उलटं दिसतं. राम वनात जाणार हे मांडी घालून बसलेल्या शेवटच्या पोराला ठाऊक असतं, आणि बुवा दशरथाच्या दारापाशी आले की बायांचे पदर डोळ्यांना आधीच लागलेले असतात. दुसऱ्या वाचनात गुळव्याच्या पहिल्याच, सुखरूप गोळीच्या वेळी चिमूट सावध होते. बादली अजून जागेवर असते आणि वाचक तिच्याकडंच बघत असतो.